कार्डिफच्या सिटी सेंटरमध्ये अर्धाच दिवस आहे. घरच्यांसाठी वेल्सची आठवण म्हणून काय घ्यावं, आणि कुठून?

लव्हस्पून घ्या, म्हणजे लाकडात कोरलेला वेल्श चमचा. किल्ल्यासमोरच कासल स्ट्रीटवर मिळेल. ड्रॅगनचे मग आणि फ्रिज मॅग्नेट कुठेही मिळतात, हा चमचा खास इथला. पूर्वी तरुण आपल्या आवडत्या मुलीसाठी तो स्वतः कोरायचे. कार्डिफच्या कडेला असलेल्या सेंट फेगन्सच्या संग्रहालयात १६६७ सालचा एक ठेवलेला आहे. घेताना साखळी असलेला निवडा आणि कड्या नीट पाहा. अख्खी साखळी एकाच लाकडातून सलग कोरलेली असेल, तर हातकाम खरं आणि चार पैसे जास्त देणं योग्य. मुलांना छोटे, साधे चमचेही चालतील.

खाऊ हवा असेल तर सेंट मेरी स्ट्रीटवरच्या जुन्या, छत असलेल्या बाजारातून (१८९१ चा आहे) तव्यावर भाजलेले, मनुकांचे वेल्श केक घ्या, शक्यतो गरम. पण त्यात अंडं असतं, आणि पारंपरिक कृतीत डुकराची चरबीही. घरी शाकाहारी मंडळी असतील तर आधी विचारा, नाहीतर सरळ चहापावडर न्या. रविवारी जाणार असाल तर बाजार उघडा असेल असं धरून चालू नका.