गणपती गेले, दिवाळी गेली, आता डिसेंबर तरी घरचा

या महिन्यात ट्रायथलॉनवाल्यांची (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत) पत्रं बरीच आली, त्यातली तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अजून पाच-सहा जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात आयटीत आहे, वय ३९. नोव्हेंबरात गोव्याची हाफ आयर्नमॅन पूर्ण केली, ७ तास २० मिनिटं लागली, खूप आनंद झाला. पण आता गोंधळ उडालाय. बायको बँकेत आहे, मुलगी तिसरीत, आई आमच्याकडेच असते, तिला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही. मला रोज संध्याकाळी साडेसात ते दहा अमेरिकेचे कॉल असतात. ग्रुपमधले सगळे म्हणतायत बेस, म्हणजे पुढच्या सीझनसाठी दमाचा पाया, आत्ताच बांधायला घे, दोघांनी तर जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला नाव दिलंय आणि मलाही आग्रह चाललाय. नेटवरून एक विंटर प्लॅन काढलाय, आठवड्याला ११ तासांचा. बायको एवढंच म्हणाली की रेस झाली ना, मग आता कशाला? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन. १.९ किमी समुद्रात पोहून, ९० किमी सायकल मारून वर मिरामारच्या त्या दमट उन्हात २१ किमी पळणं सोपं नाहीये, आणि साडेआठ तासांच्या कटऑफमध्ये, म्हणजे वेळमर्यादेत, तुम्ही तासभर हातात ठेवून आलात.

आता एक हिशोब करून बघा. रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरात म्हणजे तुमचं सगळ्यात जड ट्रेनिंग कधी झालं? ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी. आरतीला तुम्ही होतात का, होतात तर डोळे मिटत होते का, फराळाच्या दिवसांत घरात काय हवं नको कोणी बघितलं, आईला डॉक्टरकडे कोणी नेलं. हे टोचायला विचारत नाहीये. पण बायकोच्या त्या "आता कशाला"च्या मागे हे सगळं आहे आणि तिने ते सहा महिने न बोलता उचललंय. माझ्या पहिल्या रेसनंतर मी दहा दिवसांत परत पहाटे साडेचारचा गजर लावायला लागले होते, मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगला मी नव्हते आणि मार्चमध्ये नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन दीड महिना धावणं बंद पडलं. गॅदरिंग गेलं ते गेलंच. त्यामुळे मी हे फार पोटतिडकीने लिहितेय.

तो ११ तासांचा विंटर प्लॅन आधी बाजूला ठेवा. हे प्लॅन युरोप-अमेरिकेच्या हवामानावर बेतलेले असतात. तिकडे हिवाळ्यात बाहेर बर्फ, अंधार लवकर, म्हणून ते सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पॅडल मारायच्या स्टँडवर, लावतात आणि गरम पाण्याच्या पूलमध्ये भरपूर पोहतात. आपलं बरोबर उलटं आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे बाहेर सायकल मारायला आणि धावायला वर्षातला सगळ्यात छान काळ, ट्रेनर लागतो तो पावसाळ्यात, आणि आपले बहुतेक पूल गरम केलेले नसतात त्यामुळे या दिवसांत सकाळी सहाच्या बॅचला पाण्यात उतरलं की दात वाजतात. पोहण्याची टेक्निक सुधारायची असेल तर फेब्रुवारी-मार्च बघा, पाणी बरं झालेलं असतं आणि मुलांचे समर कॅम्प सुरू झालेले नसतात, एप्रिल-मेमध्ये तर लेनच मिळत नाही. आपला ऑफ-सीझन बर्फ ठरवत नाही, तो आपल्याला ठरवावा लागतो, आणि म्हणूनच तो बहुतेकांचा येतच नाही. गोवा झालं की डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई, मग कुठली तरी सायकलिंग इव्हेंट, की आला उन्हाळा. मुंबई मॅरेथॉन सुंदर आहे पण या वर्षी नको. पुढच्या वर्षी फक्त तीच करा हवं तर, गोवा सोडा. दोन्ही केलं तर घराच्या वाट्याला महिनाच उरत नाही.

फिटनेस जाईल ही भीती. यावर १९८० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन नावाच्या संशोधकाने चांगलं काम करून ठेवलंय. त्याने लोकांकडून १० आठवडे, आठवड्यातले ६ दिवस, रोज ४० मिनिटं जोरदार ट्रेनिंग करून घेतलं आणि मग १५ आठवडे वेळ कमी केला, कोणाला २६ मिनिटं तर कोणाला फक्त १३. जोर मात्र तेवढाच ठेवला. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची क्षमता, दोन्ही गटांची टिकून राहिली. १३ मिनिटवाल्यांचा लांब पल्ल्याचा दम तेवढा थोडा कमी झाला. आठवड्यातले दिवस ६ वरून २ केले तरीही असंच दिसलं. पण जेव्हा त्याने वेळ तोच ठेवून जोर कमी केला तेव्हा क्षमता घसरली. ही माणसं काही मुरलेले ट्रायथलीट नव्हती, तरी तुमच्या-माझ्यासारख्यांना दिशा पुरेशी स्पष्ट आहे. तास कापा, आठवड्यातून दोनदा थोडा वेळ जोर लावा, फिटनेस फारसा हलणार नाही.

तर मी काय सांगेन. पहिले दोन-तीन आठवडे काहीच ठरवून करू नका, वाटलं तर चाला, पोहा, घड्याळ घरी ठेवा. मग फेब्रुवारी संपेपर्यंत आठवड्याला पाच तास, त्याच्या वर नाही. मंगळवारी सकाळी सायकल ४५ मिनिटं, त्यात पाच वेळा तीन-तीन मिनिटं जोरात. गुरुवारी ४० मिनिटं धावणं, शेवटी टेकडीच्या चढावर सात-आठ छोट्या स्प्रिंट. बुधवारी आणि शुक्रवारी घरातच अर्धा-अर्धा तास स्ट्रेंथ, स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावरचे काफ रेझ, प्लँक. हे सीझनमध्ये सगळ्यात आधी सुटतं, आणि चाळिशीकडे जाताना स्नायू आपोआप टिकत नाहीत त्यामुळे हे मी धावण्यापेक्षा महत्त्वाचं मानते. शनिवारी दोन-अडीच तासांची सायकल, बोपदेव घाट करा नाहीतर जुन्या कात्रज बोगद्यापर्यंत जाऊन या, ग्रुप मिसळ खायला थांबला तरी तुम्ही नऊला घरी. झाले पाच तास.

रविवार पूर्ण घरचा. डोंगर सोडा असं नाही म्हणत, मुलीला घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढा. तिच्या वेगाने. तीन ठिकाणी बसा, वर दही आणि पिठलं-भाकरी खाऊन उतरा. पायांना चांगला व्यायाम होतो, पण तो घड्याळात नोंदवू नका हे मात्र मी आग्रहाने सांगेन, कारण नोंदवायला लागलात की तुमचं लक्ष तिच्याकडून पेसकडे जातं आणि मुलांना ते लगेच कळतं.

झोपेचंही बघा. कॉल दहाला संपतो, डोळा लागायला अकरा वाजतात, साडेचारला उठलात तर साडेपाच तास झोप. सीझनमध्ये ओढून नेलंत, आता सहाच्या आधी गजर नको, त्यासाठी सेशन अर्ध्यावर सोडावं लागलं तरी चालेल.

आणि पुढच्या सीझनची नोंदणी करायच्या आधी बायकोसमोर कॅलेंडर घेऊन बसा. आधी तिचं क्लोजिंग, म्हणजे मार्च अखेर, मुलीची परीक्षा, आईच्या तपासण्या, घरातली लग्नं, गणपती-दिवाळीचे दिवस हे सगळं लिहा आणि उरलेल्या जागेत ट्रेनिंग बसतंय का बघा. नसेल बसत तर हाफपेक्षा लहान, स्प्रिंट किंवा ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन करा. "परवानगी देशील का" असं विचारू नका, त्याने नाही म्हणायचं ओझं पण तिच्यावरच जातं.

प्रश्न : मी कोल्हापुरात स्टाफ नर्स आहे, वय ३३, दोन मुलं, सासूबाई सोबत. ड्यूटी फिरती, मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट. मला पुढच्या वर्षी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन करायचीय. पळते मी बऱ्यापैकी, सायकल भावाची आहे, पोहणं मात्र दोन लांब्यांत दम लागतो. सगळे प्लॅन सोमवार-मंगळवार असे असतात, माझा सोमवार कधी सोमवार नसतोच. काय करू?

उत्तर : प्लॅन वारावर लिहूच नका, ड्यूटीवर लिहा. महिन्याचा ड्यूटी चार्ट लागला की त्यावरच पेन्सिलीने खुणा करा. मॉर्निंगच्या आठवड्यात संध्याकाळी पोहणं, लेडीज बॅच बहुतेक तेव्हाच असते. इव्हनिंगच्या आठवड्यात सकाळी मुलं शाळेत गेली की धावणं आणि सायकल. नाइटच्या आठवड्यात काही नाही, खरंच काही नाही, फार तर दुपारी उठल्यावर वीस मिनिटं चालणं आणि थोडं स्ट्रेचिंग. नाइट करून तसंच गाडीवर पूलला जाणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्यात, झोपेच्या डोळ्यांनी गाडी चालवणं आणि तशा अवस्थेत पाण्यात उतरणं दोन्ही धोक्याचं आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही कॅज्युअल्टी बघितलेली असणार.

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. २५ मीटरच्या पूलमध्ये ३० लांब्या. दोन लांब्यांत दम लागतो तो फिटनेसमुळे नाही, तुम्ही पळताय म्हणजे फिटनेस आहे, तो श्वासामुळे लागतो. नवखे लोक पाण्यात श्वास धरून ठेवतात आणि तोंड वर आलं की सोडायचा आणि घ्यायचा दोन्ही एकदम करायला जातात. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने बुडबुडे सतत सोडत राहायचे, वर आलं की फक्त घ्यायचा. पहिला महिना एवढंच करा, एक लांबी, भिंत धरून तीन श्वास, परत एक लांबी. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, एकदा दोन तास डुंबण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तलावात पोहायचं ते फक्त जाणत्या ग्रुपबरोबर आणि कमरेला फ्लोट बांधून.

भावाची सायकल चालेल, ब्रेक आणि टायर नीट आणि हेल्मेट स्वतःचं, बस. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पण तपासून घ्या, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर नक्कीच. आणि सासूबाईंना रेस म्हणजे काय ते आत्ताच सांगून ठेवा, मुलांसकट बघायला यायचं आमंत्रण द्या. माझ्या सासूबाई पहिल्यांदा फिनिश लाइनला उभ्या राहिल्या त्यानंतर पहाटेचा चहा त्याच ठेवायला लागल्या.

प्रश्न : मी ठाण्याहून लिहितेय. मी स्वतः काही ट्रायथलॉन करत नाही, माझे मिस्टर गेली चार वर्षं करतात. फेब्रुवारीत माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न आहे नागपूरला, सहा दिवस जायचंय, ते म्हणतात मी दोनच दिवस येतो, नाहीतर केलेली मेहनत पाण्यात जाईल. खरंच इतकं नुकसान होतं का? मला त्यांच्या आड यायचं नाहीये, फक्त खरं काय ते कळू दे.

उत्तर : नाही होत. एडवर्ड कॉईल नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये चांगल्या तयारीच्या खेळाडूंना ट्रेनिंग पूर्ण थांबवायला लावून मोजलं होतं. तीन आठवडे काहीही न करता त्यांची व्हीओटू मॅक्स साधारण ७ टक्के उतरली, आणि जवळजवळ तीन महिन्यांनी १६ टक्के. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातलं पाणी कमी झाल्याने होते आणि ते परत सुरू केल्यावर पटकन भरून येतं. म्हणजे सहा दिवसांत हातात धरून दाखवता येईल असं काही जात नाही, आणि ते तर पूर्ण थांबणारही नाहीयेत. बॅगेत बूट टाकले की झालं, सकाळी अंबाझरी तलावाकडे ४० मिनिटं पळून हळदीच्या आधी घरी येता येतं.

त्यांची भीती खोटी आहे असं मात्र नाही हं. रोज सहा महिने एक गोष्ट केली की ती थांबवताना जीव घाबरा होतो, मला अजूनही होतो. त्यामुळे भांडणात हे आकडे तोंडावर फेकू नका, हे पान त्यांना वाचायला द्या. आणि अजून एक, तुमच्या पत्रात तुमचा स्वतःचा वेळ कुठेच नाहीये. ते शनिवारी चार तास सायकलवर असतात तर ऑफ-सीझनमध्ये रविवारचे चार तास तुमचे, त्यात मुलांचं जेवणखाण, अभ्यास सगळं त्यांच्याकडे, तुम्ही नाटकाला जा, झोपा, काय वाटेल ते करा. हे लग्नानंतर बोला. आत्ता विदर्भ एक्सप्रेसला लग्नसराईत वेटिंग लागतं, तेव्हा सहा दिवसांचंच तिकीट काढून टाका, दोघांचंही.