सोशल मीडिया पूर्ण बंद न करता त्यावर आपला ताबा कसा ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की रोजचे तीन-चार तास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबमध्ये जातात, ॲप काढून टाकली तरी आठवड्याभरात परत येतात, आणि कामाचे ग्रुप, आवडते लेखक सगळे तिथेच असल्यामुळे कायमचं सोडताही येत नाही.

आधी एक सांगते, ॲप काढून टाकण्याच्या वाटेला परत जाऊ नका. मी दोनदा गेले आहे. एकदा श्रावणात, एकदा नव्या वर्षाच्या संकल्पात. दोन्ही वेळा एकादशी आणि दुप्पट खाशी झालं.

मी सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. रिटर्नच्या दिवसांत पक्षकारांचे ओटीपी, फोटो काढून पाठवलेली बिलं, सगळं फोनवरच येतं, त्यामुळे फोन कपाटात ठेवून बसणं माझ्या नोकरीत बसत नाही. मागे एका पावसाळ्यात रात्री साडेदहाला मी कृष्णेची पातळी बघायला फोन हातात घेतला. आमच्याकडे आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या महापुरानंतर पाऊस लागला की घराघरात हा आकडा बघितला जातो. एका मिनिटाचं काम. बारा वाजता मी कुठल्याशा परदेशी माणसाने गंजलेला वाकस, म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, घासून, परजून चकचकीत केलेला व्हिडिओ बघत होते. वाकस सुंदर झाला होता. पातळी बघायची मात्र राहूनच गेली होती.

त्या रात्रीनंतर मी वेळ मोजायचं सोडलं आणि एवढंच बघायला लागले की समोर आलेली गोष्ट मी मागितली होती का. पंगतीत एखादा हट्टी वाढपी असतो ना, पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारा, तसं हे आहे. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशी ठरवताना व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला वजन द्यायला सुरुवात केली. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. पुढे ते कमी होत गेलं, रागाचं वजन २०२० मध्ये शून्यावर आलं, आणि कंपनीच्या आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर पडली तेव्हा हे सगळ्यांना कळलं. म्हणजे त्या काळात कुणाच्या पोस्टवर चिडून तुम्ही लाल चेहरा दाबला असेल, तर वाढप्यापर्यंत निरोप गेला तो ‘असलंच आणखी आणा’ असा.

यूट्यूबचा बंदोबस्त सगळ्यात सोपा. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसायचा आणि पुढची नोंदही थांबवायची. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने अशी सोय केली आहे की इतिहास बंद असेल आणि जुनी नोंदही फारशी नसेल, तर होम पानावर शिफारशी येत नाहीत. वर शोधायची चौकट, खाली कोरं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सामान ट्रकमध्ये चढवल्यावर मागे उरलेली खोली आठवली, आवाज घुमणारी. सबस्क्रिप्शनचा टॅब मात्र चालू राहतो आणि तिथे तुम्ही निवडलेल्या चॅनेलचे व्हिडिओ नव्याकडून जुन्याकडे ओळीने लागतात. एक तोटा आहे. अर्धवट पाहिलेला व्हिडिओ कुठे सोडला होता, हे आता यूट्यूब लक्षात ठेवत नाही. दीड तासाचं एखादं व्याख्यान ऐकत असले की मी ‘५२ मि.’ असं कालनिर्णयवर लिहून ठेवते. दुधाचे खाडे आणि ही मिनिटं शेजारी शेजारी नांदतात. एकदा मिस्टरांनी ५२ ला दूध समजून भय्याशी हिशेबावरून वाद घातला होता, पण ते असो.

इन्स्टाग्रामवर २०२२ पासून ‘फॉलोइंग’ आणि ‘फेव्हरिट्स’ असे दोन पर्याय आहेत. त्यात तुम्ही निवडलेलीच माणसं दिसतात, तीही वेळेच्या क्रमाने. फेव्हरिट्समध्ये ५० खाती बसतात. पण ॲप बंद करून उघडलं की गाडी पुन्हा मूळ रुळावर. सुचवलेल्या पोस्टना ३० दिवस झोपवायचीही सेटिंगमध्ये सोय आहे, एकतिसाव्या दिवशी त्या उठून दारात उभ्या. मी शेवटी ॲप काढून इन्स्टा ब्राउझरमधून बघायला लागले. (हो, वर ॲप काढू नका म्हणाले. पण इथे खातं आहे, मागचं दार उघडं आहे, फक्त उंबरा थोडा उंच केलाय.) फेसबुकच्या मेनूत ‘फीड्स’ नावाचा भाग आहे, तिथून आत शिरलात तर मित्रांच्या, पेजच्या आणि ग्रुपच्या ताज्या पोस्ट क्रमाने मिळतात. या दोघांबद्दल माझ्याकडे याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

आता वाचनाचं. आवडते लेखक फेसबुकवरच आहेत असं तुम्ही म्हणता, ते एकदा तपासून बघा. बऱ्याच जणांचा जुना ब्लॉग असतो किंवा न्यूजलेटर असतं, आणि फेसबुकवर ते त्याचीच लिंक टाकत असतात. ते थेट घरपोच मिळवायचा रस्ता म्हणजे आरएसएस. ऑफिसात मी हा शब्द उच्चारला तेव्हा चार टेबलांवरून माना वर झाल्या होत्या, तेव्हा स्पष्ट करते, शाखेचा संबंध नाही. १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झालेली ही पद्धत आहे. ब्लॉग किंवा साइट आपल्या ताज्या लेखांची यादी एका फाइलमध्ये ठेवते, तिला फीड म्हणतात. तुमच्या फोनमधलं रीडर ॲप ती फाइल अधूनमधून उघडून बघतं आणि नवं काही दिसलं की तारखेनुसार लावतं. बस. कुणाला वर ठेवायचं, कुणाला खाली दडपायचं हे ठरवणारा मधे कोणी नाही.

२००५ मध्ये गूगल रीडर आलं, त्यावर मी मराठी ब्लॉग वाचायचे. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं आणि त्याबरोबर आरएसएसही संपलं असं मी धरून चालले. ब्लॉग वाचायचंही थांबलं. इतक्या वर्षांनी कळलं की फाइली आपापल्या जागी तशाच होत्या, मीच जायचं सोडलं होतं.

अँड्रॉइडवर ‘फीडर’ आणि आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’ ही दोन्ही ॲप फुकट आहेत. कॉम्प्युटर आणि फोन दोन्हीकडे वाचायचं असेल तर फीडली किंवा इनोरीडरवर खातं काढा, फुकट खात्यात माझ्यासारखीचं भागतं. ब्लॉगचा पत्ता टाकला की रीडर बहुतेक वेळा ती फाइल स्वतःच शोधतं. नाही सापडली आणि ब्लॉग वर्डप्रेसचा असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून बघा. भरलेली सगळी यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते. २०१३ ची आठवण म्हणून मी ती दर दिवाळीला काढून ठेवते. रीडर बदललं तरी यादी आपल्याकडे राहते.

इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. पहिल्याच रविवारी हौसेने ८४ ठिकाणं भरली. दोन वर्तमानपत्रं, बीबीसी मराठी, तीन-चार पाककृतींच्या साइट, कराविषयीच्या साइट, शिवाय ब्लॉग. बुधवारी संध्याकाळी न वाचलेल्यांचा आकडा अकराशेच्या वर गेला होता. पलंगावर घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग असतो, तसा तो आकडा रोज माझ्याकडे बघायचा. फेसबुकवरचा धबधबा मी स्वतःच्या हाताने रीडरमध्ये आणून सोडला होता.

मग उलटा विचार केला. वर्तमानपत्र रोज येतंच, सकाळी दारात पडतं, त्यासाठी रीडर कशाला? रीडर लागतं ते कमी लिहिणाऱ्यांसाठी. माझ्या यादीत एक निवृत्त शिक्षक आहेत, ते फक्त नदीकाठच्या गवतांवर लिहितात, वर्षाला चार-पाच लेख. कुठल्या गवताला तुरा कधी येतो, म्हैस कशाला तोंड लावत नाही, असं सगळं. फेसबुकवर त्यांच्या लिंकला सहा लाइक पडतात, त्यातला एक माझा. तो लेख माझ्या समोर यावा असं तिथे कुणालाच वाटणार नाही, आणि चार महिने काही आलं नाही म्हणून मी त्यांच्या ब्लॉगवर रोज डोकावणारही नाही. अशांसाठी रीडर. दिवसाला दोनपेक्षा जास्त लेख टाकणारं प्रत्येक ठिकाण मी काढून टाकलं. उरली २९.

व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी, तिथे यंत्र नाही, माणसं वाढतात. २०२१ पासून आर्काइव्हमध्ये टाकलेला ग्रुप नवा मेसेज आला तरी वर उसळी मारत नाही. मला याचा इतका आनंद झाला की मी एका बैठकीत ११ ग्रुप आत ढकलले, दहावीची बॅच, सोसायटी, माहेर, सासर, सगळे. पंधरा दिवसांनी सासरच्या ग्रुपवर रात्री मेसेज आला की धाकट्या काकूंना ॲडमिट केलंय. मी तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचला. काकू ठणठणीत आहेत, पण ‘अगं, ग्रुपवर टाकलं होतं की’ हे वाक्य मोठ्या जाऊबाई अजून दर सणाला म्हणतात, आणि चूक माझीच असल्यामुळे मी पोळ्या लाटत गप्प बसते. आता घरचे दोन ग्रुप बाहेर आहेत, नुसते म्यूट केलेले, ते जेवणाच्या सुट्टीत बघते. आणि सगळ्यांना एकेकट्याला सांगून ठेवलंय की तातडीचं असेल तर फोन करा, रात्री दोनला केला तरी चालेल. हे सांगितल्याशिवाय कुठलाही ग्रुप आत टाकू नका. सेटिंगमध्ये, तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, हेही ठरवता येतं. तिथे ‘सगळे’ असेल तर आजच बदला.

नोटिफिकेशन एका दमात बंद करायला बसू नका, कंटाळा येतो. अँड्रॉइडवर एखादं नको असलेलं आलं की त्यावर बोट दाबून ठेवायचं आणि तेवढा प्रकार बंद करायचा. एकाच ॲपमधलं ‘तुमची ऑर्डर निघाली’ चालू ठेवून ‘आज खास सूट’ बंद करता येतं, अर्थात ॲपने ते प्रकार वेगळे ठेवले असतील तर. माझा फोन साधारण दहा दिवसांत शांत झाला. एसएमएसना हात लावला नाही, ओटीपी तिथेच येतात.

आयर्विनच्या पातळीचं पान आता थेट होम स्क्रीनवर आहे. तरी मागच्या आठवड्यात मी एका बाईने फुटक्या बरणीला पितळी कडी बसवलेली अर्धा तास पाहिली, बहिणीने लिंक पाठवली होती.

तुम्ही आज यूट्यूबचा इतिहास पुसा, दोन मिनिटं लागतील. रीडरचं रविवारी करा आणि दहाच्या वर ठिकाणं भरू नका. तुमच्या लेखकांचे ब्लॉग सापडले नाहीत तर नावं इथे लिहून ठेवा, फीड आहे का ते बघून सांगते. पण तेही रविवारीच, त्याआधी मी इथे फिरकत नाही.