आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाहीत, आमदारांनी विधानसभेत प्रश्न टाकून काही होतं का? (धडगाव)

होतं भाऊ, पण डॉक्टर लगेच येत नाही, आधी सरकारला लेखी कबूल करावं लागतं. आमच्याकडच्या पाणी योजनेचा प्रश्न मीच आमदारांच्या पीएला लिहून दिला होता म्हणून सांगतो, "आरोग्य सेवा ढासळली" असं मोघम लिहू नका, त्याला "हे खरे नाही" असं एका ओळीत उत्तर येतं आणि पुढच्या सगळ्या मुद्द्यांना "प्रश्न उद्भवत नाही", झालं, संपलं. त्यापेक्षा मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणत्या तारखेपासून रिक्त, कारण काय, असं तुकडे पाडून विचारायला सांगा, मग निदान "अंशतः खरे आहे" तरी येतं (हा शब्द सरकारचा लाडका). शक्यतो तारांकितच टाकायला लावा, कारण त्यावर सभागृहात मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितचं फक्त लेखी उत्तर मिळतं. मंत्री सभागृहात "पदं भरू" बोलले तर ते आश्वासन समितीकडे जातं, तिथं पाठपुरावा होतो. फक्त एक, यादीत खाली नंबर लागला तर प्रश्नोत्तराच्या तासात पुकाराच होत नाही, मग तारांकित असूनही हातात लेखी उत्तरच.