पुढचा धक्का कधी?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कोयनेच्या भूकंपांवरच्या तुझ्या अहवालाचा मसुदा मिळाला, सोबतची चिठ्ठीही. पाटण तालुक्यातल्या त्या आजी म्हणाल्या, "एवढी यंत्रं बसवलीत, मग पुढचा धक्का कवा ते सांगा की." तुला काही बोलता आलं नाही आणि परतताना गाडीत तुमची जुंपली. मित्र म्हणाला, मग विज्ञानाचा उपयोग काय? तू म्हणालीस, आज नाही तर उद्या विज्ञान सगळ्याची उत्तरं देईल. मला दोघांचंही पटलं नाही. तुझं जरा जास्तच नाही, कारण तुला यातच आयुष्य काढायचं आहे.

आधी आपल्या पदरात काय आहे ते बघ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा धरणात पाणी साठवल्याने जमीन हादरते ही गोष्ट भल्याभल्यांच्या गळी उतरत नव्हती. आज त्यावर फारसा वाद उरलेला नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला तसे धक्के जाणवू लागले, ते अजून थांबलेले नाहीत. पावसाळ्यात पाण्याची पातळी चढते आणि मागोमाग धक्क्यांची संख्याही वाढते. खडकाच्या भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की भ्रंशाच्या, म्हणजे खडक सरकतो त्या मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजूंना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारा जोर कमी पडतो. खडक आधीच ताणलेला होता, पाणी निमित्त झालं. आणि हे सारं साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूत. गाडीतल्या त्या मित्राला हे सांगायला हवं होतंस.

तरीही तारीख सांगता येत नाही. कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. सव्वा किलोमीटर काळा पाषाण, त्याखाली ग्रॅनाइटसारखा खडक, एवढं हाताला लागलं. पण बहुतेक धक्क्यांचा उगम त्याहूनही खाली आहे. आणि तिथवर पोचलो तरी प्रश्न सुटेलच असं नाही. एकदा सुरू झालेली खडकाची फाट शंभर मीटरवर थांबणार की वीस किलोमीटर धावत जाणार, हे भ्रंशावरच्या घर्षणाच्या बारीकसारीक तपशिलांवर ठरतं. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १८५७ पासून १९६६ पर्यंत सरासरी बावीस वर्षांनी सहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप होत आला. तेव्हा १९९३ पूर्वी पुढचा होणार, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी मोठ्या खात्रीने जाहीर केलं आणि सगळा परिसर उपकरणांनी भरून टाकला. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला. इतक्या जवळून पाहूनही आधी कसलीही ठळक चाहूल सापडली नाही. चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचेंगला वेळेत इशारा देता आला, कारण मोठ्या भूकंपाआधी छोट्या धक्क्यांची रांग लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानला तसं काही झालं नाही, आणि सरकारी आकड्यानुसार दोन लाख चाळीस हजारांवर माणसं गेली.

पण तुला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटायला हवी. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते. लोक धास्तावले होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. नागरी संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने टीव्हीवर लोकांना निश्चिंत राहायला सांगितलं. त्याचं म्हणणं असं की छोट्या धक्क्यांतून ऊर्जा निघून जातेय, म्हणजे बरंच आहे. हे शास्त्रीयदृष्ट्या चूक होतं. धक्का बसला की घराबाहेर पडायचं आणि रात्र उघड्यावर काढायची, ही तिथल्या जुन्या लोकांची रीत. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला, त्या रात्री अनेकांनी ती मोडली होती. ३०९ माणसं दगावली. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. शास्त्रज्ञ अपिलात सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. 'भूकंप वर्तवला नाही म्हणून शास्त्रज्ञ तुरुंगात' असे मथळे आपल्याकडेही आले. खटला मात्र दिलाशावरून होता. घाबरलेला माणूस समोर उभा असला की काहीतरी सांगावंसं वाटतंच. तुलाही वाटलं असणार. गप्प राहिलीस हे बरं केलंस. फक्त तिथेच थांबायला नको होतंस.

किल्लारी आठव. १९९२ च्या पावसाळ्यानंतर तिथेही छोटे धक्के बसले होते. मग ते ओसरले. नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेलं गाव पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी गाडलं गेलं. तारीख कुणालाच सांगता आली नसती. पण मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद, असं घर हादरलं तर काय होईल, हे कुणीही इंजिनिअर आदल्या दिवशी सांगू शकला असता. लाकडी खांब-तुळयांवर माळवद पेललेली काही घरं भिंती ढासळूनही उभी राहिली. म्हणून आजींना सांगायचं, "कधी ते ठाऊक नाही, पण होणार हे धरून चाला." आणि मग भिंतींविषयी बोलायचं.

त्या पहाटे लेकरू गमावलेल्या बाईने "आमच्यावरच का?" असं विचारलं, तर तिला भ्रंश समजावून सांगू नकोस. तो प्रश्न आपल्या खात्यातला नाही. तिच्याशेजारी बसता आलं तर बस.

आता तुझ्या मसुद्याचं शेवटचं पान. तिथे लिहिलं आहेस, 'शास्त्रीयदृष्ट्या पाहता कोयना धरण योग्यच ठरते.' कुठल्या आलेखावरून? १९६० मेगावॅट वीज एका पारड्यात. दुसऱ्यात पाण्याखाली गेलेली गावं आणि साठ वर्षं हादरणारी घरं. ही तुलना करायला भूकंपमापक उपयोगी नाही. धोका किती, तो पाण्याच्या पातळीबरोबर कसा बदलतो, हे तू सांग. तो कुणी, कशाच्या बदल्यात सोसायचा हे ठरवताना तुझं मत आणि आजींचं मत सारख्याच वजनाचं. किंबहुना त्यांचं थोडं अधिक, घर त्यांचं आहे. माझं स्वतःचं मत विचारशील तर धरण हवंच होतं, पण ते मी वीज वापरणारा माणूस म्हणून सांगतोय. ते वाक्य खोड. अगदीच ठेवायचं असेल तर प्रस्तावनेत 'माझ्या मते' म्हणून लिही.

दुसऱ्या प्रकरणातल्या आलेखाच्या उभ्या अक्षावर एकक राहिलंय, तेही घाल.

तुझा,
सर