भाऊ ५० टक्के दिव्यांग आहे. सरकारी अनुदानातून त्याला प्रशिक्षण आणि काम मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ २४ वर्षांचा, बारावी झालेला, डाव्या पायाने ५० टक्के दिव्यांग आहे, चार वर्षं घरीच आहे, आणि गावातला एक जण "पाच हजार द्या, अनुदान मंजूर करून आणतो" म्हणतोय.

त्या माणसाला आधी चहा पाजून वाटेला लावा. यातल्या कुठल्याच अर्जाला एजंट लागत नाही.

मी स्वतः ५५ टक्क्यांचा. उजवा पाय लहानपणी पोलिओत गेला. तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे, येत्या दिवाळीला नऊ वर्षं होतील. त्याआधी दोन वर्षं मी अनुदानाच्या मागे फिरण्यात घालवली, म्हणून सांगतो: मिळतं, पण तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय त्या क्रमाने नाही. आधी दिव्यांगत्वाचा दाखला, मग हातात हुन्नर, आणि पैसा सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं, म्हणून ती दोन वर्षं गेली.

दाखल्याचं थोडक्यात. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे देशभर चालणाऱ्या दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, मग सिव्हिलला बोर्डापुढे तपासणी. भावाकडे एसएडीएम या राज्याच्या जुन्या प्रणालीतला ऑनलाइन दाखला असला तरी यूडीआयडी कार्ड काढून घ्याच, आता सगळीकडे तेच मागतात. ४० टक्के ही खरी रेघ आहे, तिच्या खाली असलं तर बहुतेक योजनांची दारं बंद. भाऊ ५० वर आहे, म्हणजे ती काळजी नाही. फक्त आधार, शाळेचा दाखला आणि यूडीआयडी या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना ते बघा. माझ्या आधारवर वडिलांच्या नावापुढे 'राव' होतं, दाखल्यावर नव्हतं. तेवढ्या 'राव'पायी माझी फाइल तीन महिने एका टेबलावर पडून होती.

आता प्रशिक्षण. मिरजेला समाजकल्याणची एक जुनी सरकारी संस्था आहे, प्रौढ दिव्यांगांना निवासी प्रशिक्षण देणारी. राहणं, जेवण, शिकणं सगळं मोफत. वयाची अट १६ ते ४०. एक कोर्स कॉम्प्युटरचा, त्याला आठवी पास लागते. दुसरा मोटर व आर्मेचर रिवाइंडिंग, सिंगल फेज सबमर्सिबल पंप, हाउस वायरिंग वगैरे, त्याला नववी. प्रवेशाचं निवेदन पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटंसं येतं, नजरेतून सहज सुटतं. मी तिथलाच. दुसरा कोर्स.

पायाने अधू माणसाला हे काम का जमतं ते सांगतो, कारण सल्ला देणारे सगळे "कॉम्प्युटर शिकव" एवढंच म्हणतात. वाइंडिंग हे बसून करायचं काम आहे. स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, मांडीसमोर, दोन्ही हात मोकळे. जळालेली मोटर आली की गडी माणूस ती उचलून पाटावर ठेवतो, पुढचं सगळं बोटांचं आणि डोळ्यांचं. पहिला धडा असा की जुनी तार कापून फेकायच्या आधी वेढे मोजायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघायची आणि कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत कॉइल गेलीय ते वहीत काढून ठेवायचं. घाईत आधी तार ओढली की संपलं, मग ती मोटर तुमच्याशी बोलत नाही. माझ्याकडे अशा चार वह्या आहेत. एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज पडतं, विहिरीवरच्या मोटरी धडाधड जळतात, आणि शेतकरी रात्री दहाला शटर वाजवतो. तेव्हा तो माझा पाय बघत नाही, मोटर सकाळपर्यंत मिळेल का एवढंच विचारतो.

भावाला यात रस नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत. आयटीआयमध्ये दिव्यांगांना राखीव जागा असतात. मुंबईत सायनला केंद्राच्या कामगार मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेवा केंद्र आहे. जुने लोक त्याला अजून व्हीआरसी म्हणतात. तिथे माणसाला काय झेपेल ते तपासून शिकवतात आणि नोकरीसाठी नावही नोंदवून घेतात. ऑनलाइन बघायचं तर पीएम दक्ष पोर्टलवर दिव्यांगांचा वेगळा भाग आहे, एकीकडे कौशल्य प्रशिक्षण आणि दुसरीकडे 'रोजगार सेतू' म्हणून नोकऱ्यांची यादी. नोंदणी फुकट आहे, करून ठेवा. पण फोन येईल म्हणून त्यावर विसंबून बसू नका.

नोकरीचं खरं चित्र असं. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत (१९९५ च्या कायद्यात ३ होत्या). त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी, १ कर्णबधिर, १ अस्थिव्यंग आणि त्यासोबतचे प्रकार, उरलेला १ बौद्धिक, मानसिक, स्वमग्न आणि बहुविकलांग यांच्यासाठी. भाऊ तिसऱ्या गटात येतो. राज्याच्या भरतीत दिव्यांगांना वयोमर्यादा ४५ पर्यंत आहे, म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू द्या, पण काहीतरी शिकता शिकता. खासगी कंपनीवर मात्र सक्ती नाही. कायदा फक्त म्हणतो की ज्या मालकाकडे ५ टक्के कामगार दिव्यांग आहेत त्याला सरकारने प्रोत्साहन द्यावं. शिवाय ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगारमर्यादा इतरांना २१,००० आणि आपल्याला २५,००० आहे. मुलाखतीला गेलात तर हे एचआरला सांगा, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

आता पैसा, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंय.

अनुदान म्हणजे रोख रक्कम हातात, असा सगळ्यांचा समज असतो. माझाही होता. पीएमईजीपी, म्हणजे नवा धंदा काढायला कर्ज आणि अनुदान देणारी केंद्राची योजना घ्या. दिव्यांगाला त्यात ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, शहरात २५, आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. ४ लाखांचा प्रकल्प धरला तर तुमचे २०,००० आणि अनुदान १,४०,०००. ऐकायला झकास. पण ते १,४०,००० तुमच्या खिशात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या नावाने ३ वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. धंदा ३ वर्षं चालू दिसला तर ती रक्कम कर्जात वळती होते. दुकान बंद पडलं तर अनुदान परत जातं आणि कर्ज तुमच्या गळ्यात. म्हणून म्हणतो, काम येत नसताना अनुदानाच्या मागे लागणं म्हणजे पोहायला येत नसताना विहीर विकत घेणं.

छोट्या धंद्याला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडची बीजभांडवल योजना जास्त सोयीची. दीड लाखापर्यंतचा प्रकल्प, ८० टक्के बँकेचं कर्ज, २० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ३०,००० अनुदान. मी हीच घेतली. अडचण जिल्हा परिषदेत येत नाही, बँकेत येते. पहिल्या बँकेतल्या साहेबांनी माझ्या कुबडीकडे बघून विचारलं, "मोटर उचलणार कशी?" मी म्हटलं, तुम्ही तिजोरी उचलता का? बोलून गेलो आणि प्रकरण तिथेच मेलं. दुसऱ्या बँकेत जाताना शहाणपणाने वागलो. सोबत गेल्या सहा महिन्यांत दुरुस्त केलेल्या मोटरींची वही नेली, गिऱ्हाइकांच्या नावागावासकट. त्या मॅनेजरने वहीच वाचली. तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारीवर होतो, पण वही माझी होती.

याशिवाय दिव्यांग वित्त व विकास महामंडळ कमी व्याजाने कर्ज देतं, त्यांच्या फिरत्या दुकानाच्या ई-वाहनाची योजनाही आहे. जाहिरात निघाली की अर्ज करा.

एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे आपली ग्रामपंचायत. स्वनिधीतले, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातले, ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे. बहुतेक गावांत दिवाळीला प्रत्येकाच्या हातावर हजार-दीड हजार टेकवतात आणि फोटो काढतात. मी ग्रामसभेत लेखी अर्ज दिला की मला रोख नको, वाइंडिंग मशीन आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) द्या. दोन सभा हसण्यावारी गेल्या, तिसऱ्या सभेत ठराव झाला. ते मशीन अजून चालतंय.

आणि संजय गांधी निराधार योजनेची महिन्याची मदत आधीच विचारात घ्या. भावाला ती मिळत असेल तर आता महिना २,५०० आहेत, पण दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. दुकान किंवा नोकरी सुरू झाली की तेवढ्या कमी उत्पन्नाचा दाखला निघणार नाही. माझी पगार (गावात निराधारच्या पैशाला पगारच म्हणतात) बंद झाली त्या महिन्यात आई माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. तिच्या लेखी तो खात्रीचा पैसा होता आणि दुकान हा जुगार. घरात हे आधी बोलून ठेवा.

तुमच्या प्रश्नात वय आलं, टक्के आले, शिक्षण आलं, पण भावाला काय करायला आवडतं ते कुठेच आलं नाही. त्याला विचारा आणि जिल्ह्यासकट खाली लिहा, म्हणजे कुठे अर्ज करायचा ते नेमकं सांगता येईल. वाइंडिंग म्हणाला तर एक दिवस माझ्या दुकानात बसायला पाठवून द्या. शनिवार सोडून, शनिवारी आमच्याकडे लाइट नसते.