अर्जातली एक चौकट

प्रिय मित्रा,

कॅलिफोर्नियातल्या शहराच्या गृहनिर्माण आराखड्यावर, म्हणजे हाउसिंग एलिमेंटवर, तू काम करणार आहेस. नकाशे उघडण्याआधी भाड्याच्या घराचा एक कोरा अर्ज मिळवून वाच. कागदपत्रं नसलेला, म्हणजे अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर परवाना नसलेला माणूस बहुतेक वेळा सोशल सिक्युरिटी नंबरच्या (सरकारने दिलेल्या ओळख क्रमांकाच्या) चौकटीपाशीच अडतो.

भाडेकरूचा इमिग्रेशन दर्जा विचारायला घरमालकाला 2008 पासून बंदी आहे. ‘इमिग्रेशन खात्याला कळवीन’ अशी धमकी देऊन घर खाली करवून घेणंही 2018 पासून बेकायदा आहे. पण ओळख आणि ऐपत तपासायला माहिती मागता येते, आणि नंबर त्याच फटीतून मागितला जातो. त्याला पर्याय म्हणून आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना कर भरण्यासाठी मिळणारा क्रमांक), परदेशी पासपोर्ट, पगाराच्या आणि भाड्याच्या पावत्या चालायला हव्यात. भाडं रोखीने दिलं की पुरावा उरत नाही. मनी ऑर्डरचा उरतो.

‘सरकारी मदतीचं घर त्यांना मिळतच नाही’ हे वाक्य तुला ऑफिसातही ऐकू येईल. ते अर्धंच खरं आहे. 1980 च्या केंद्रीय कायद्याचं कलम 214 सार्वजनिक घरं आणि सेक्शन 8 (भाड्यासाठीची केंद्रीय मदत) यांना लागू होतं, आणि तिथेही मिश्र कुटुंबाला, म्हणजे काहीच सदस्य पात्र असलेल्या कुटुंबाला, पात्र सदस्यांच्या प्रमाणात मदत मिळते. बांधणाऱ्यांना करसवलत देऊन उभारलेल्या स्वस्त भाड्याच्या घरांना हे कलम लागू नाही, अर्थात त्याच इमारतीत सेक्शन 8 ची मदत मिसळली नसेल तर. तरीही तिथले व्यवस्थापक नंबर मागतात. कायद्यापेक्षा ती छापील अर्जाची सवय असते.

आता आराखडा. विशेष गरजांच्या यादीत शेतमजूर आणि मोठी कुटुंबं आहेत, कागदपत्रं नसलेले नाहीत. म्हणून त्यांची गरज गर्दीच्या आकड्यांत शोध: खोलीमागे एकापेक्षा जास्त माणसं म्हणजे गर्दी, दीडपेक्षा जास्त म्हणजे तीव्र गर्दी. जनगणनेवाल्यांना दार न उघडणारे त्यातही सुटतात, तेव्हा हा आकडा किमान समज.

अल्प उत्पन्न गटासाठी जागा दाखवताना महानगरी भागात एकरी 30 घरांची घनता धरतात. जागा अर्ध्या ते 10 एकरांची हवी. फसगत होते ती चालत्या दुकानाची जागा यादीत घातल्यावर: मालक विकणार नसेल तर ती घरं कागदावरच. आराखड्यात शहर काय करणार ते कार्यक्रम लिहिताना ‘अभ्यास करू’ टाळ. कोण, कधीपर्यंत, किती घरं, हे लिही. शहराच्या पैशाने होणाऱ्या घरांत नंबराऐवजी कुठले पुरावे चालतील, तेही करारात घाल.

पहिला मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. त्या काळातली बैठक शाळेत किंवा चर्चमध्ये घे, आणि हजेरीपटावर पत्ता मागू नकोस. शहराच्या दप्तरात गेलेला कागद उद्या कुणीही माहिती कायद्याखाली मागू शकतो.