मानवाधिकारांच्या आंतरराष्ट्रीय करारांनी सार्वजनिक आरोग्यात खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण थेट नाही. करारावर सही झाली म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात औषध येत नाही.

मुख्य करार 1966 चा, आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. त्याच्या कलम 12 मध्ये आरोग्याचा हक्क आहे. ‘उपलब्ध साधनांनुसार टप्प्याटप्प्याने’ ही करारातली पळवाट सरकारांना फार आवडते. म्हणून 2000 साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीने खुलासा केला: अत्यावश्यक औषधं आणि भेदभावाशिवाय सेवा, एवढं किमान तरी द्यावंच लागेल.

खरा जोर येतो तो हे हक्क देशाच्या कायद्यात उतरल्यावर. दक्षिण आफ्रिकेचंच बघा. आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही रोखायला नेव्हिरपिन नावाचं औषध होतं. प्रसूतीच्या वेळी आईला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला थोडंसं पातळ औषध, बस्स. कंपनी ते पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती, तरी सरकारने ते मोजक्या प्रायोगिक केंद्रांपुरतंच ठेवलं. 2002 मध्ये घटना न्यायालयाने हे निर्बंध उठवायला लावले. गंमत म्हणजे तेव्हा त्या देशाने हा करार मंजूरही केलेला नव्हता (तो केला 2015 मध्ये). पण राज्यघटनेतलं आरोग्याचं कलम याच कराराच्या वळणाचं होतं.

उलट अमेरिकेने या करारावर 1977 मध्ये सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही.

आणखी एक बाजू म्हणजे विलगीकरण. साथीत लोकांना डांबायचं तर त्याला कायद्याचा आधार हवा, गरज हवी आणि मुदतही हवी. हक्कांवर मर्यादा कधी घालता येतात हे ठरवणारी 1984 ची सिराक्युझा तत्त्वं साधारण हेच सांगतात.